सुपरहिरो इतकी वर्षे ताजे कसे राहतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कॉमिक्स वाचणारी माणसे एकत्र आली की, मग ती अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात भेटोत किंवा पुस्तक महोत्सवाच्या गर्दीत, काही प्रश्न हमखास निघतात. त्यांतले बहुतेक एकाच शंकेभोवती फिरतात: ज्या नायकाची गोष्ट आजोबांच्या तरुणपणी सुरू झाली, ती नातवाने नवी म्हणून का वाचावी? त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरांमध्ये मते आहेत आणि ती लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

ताजेपणा म्हणजे नेमके काय? नवा पोशाख आणि नवा खलनायक पुरेसा नाही का?

पुरेसा नाही. सुपरमॅन १९३८ साली आला, बॅटमॅन १९३९ साली आणि स्पायडर-मॅन १९६२ साली. या काळात तिघांचेही पोशाख अनेकदा बदलले आणि बहुतेक वेळा फिरून मूळ पोशाखावर आले. नव्या पोशाखामुळे दोन-तीन अंकांपुरते कुतूहल वाढते, त्यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही. अंक उघडताना पुढे काय होईल याविषयी खरी शंका वाटावी आणि जे घडेल ते पुढच्या लेखकाच्या कारकिर्दीतही घडलेलेच राहील असा भरवसा असावा, या दोन गोष्टी एकत्र असतील तरच मालिका ताजी आहे असे म्हणता येते. पहिल्या गोष्टीसाठी प्रकाशक बरीच धडपड करतात. दुसरीकडे मात्र त्यांचे वारंवार दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

इतकी दशके उलटूनही नायक म्हातारा का होत नाही?

अमेरिकन कॉमिक्समध्ये यासाठी सरकत्या काळाची पद्धत वापरतात. नायकाच्या कारकिर्दीची सुरुवात कायम ‘दहा-पंधरा वर्षांपूर्वी’ झालेली असते आणि वर्तमानकाळ पुढे सरकला की ती सुरुवातही त्याच्याबरोबर पुढे सरकते. म्हणूनच १९६२ साली हायस्कूलमध्ये असलेला पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, १९६५ साली कॉलेजात गेला, १९८७ साली त्याचे लग्न झाले, आणि आजही तो जेमतेम तिशीच्या आसपास दिसतो.

उंबेर्तो एको यांनी १९६२ सालच्या सुपरमॅनवरील निबंधात या अडचणीवर नेमके बोट ठेवले आहे. नायकाने काही केले आणि त्याचा परिणाम टिकला, तर तो तेवढा खर्ची पडतो आणि त्याच्या शेवटाकडे एक पाऊल टाकतो. म्हणून त्या काळातली प्रत्येक गोष्ट जणू आधी काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होत असे. एकोंचे निरीक्षण अचूक होते, परंतु त्याच वर्षी अवतरलेल्या स्पायडर-मॅनने त्याला छेद दिला. पीटरच्या हातून चूक होते, काका मरतात, आणि ते मरण पुढच्या प्रत्येक अंकात त्याच्या सोबत राहते.

मराठी वाचकांना यापेक्षा वेगळे उत्तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ली फॉक यांचा वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, १९३६ साली वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेत आला आणि १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे घरोघर पोहोचला. जंगलातले लोक त्याला अमर समजतात; वाचकाला मात्र माहीत असते की हा एकविसावा वेताळ आहे आणि मुखवटा १५३६ पासून बापाकडून मुलाकडे येत आहे. म्हणजे मृत्यू आणि वारसा हे कथेच्या पायातच घातलेले आहेत. त्यामुळे १९७७ साली वेताळाचे डायनाशी लग्न झाले आणि पुढे जुळी मुले झाली, तेव्हा मालिकेचे काही बिघडले नाही. उलट बाविसावा कोण, हा नवा प्रश्न तिला मिळाला. ब्रिटनमधल्या जज ड्रेडचे वय तर १९७७ पासून खऱ्या वर्षांप्रमाणेच वाढते आहे. तो म्हातारा होत चालला आहे ही गोष्ट त्याच्या लेखकांनी टाळली नाही, तिच्यावरच कथा लिहिल्या.

सरकत्या काळात खऱ्या ऐतिहासिक घटना कशा बसवतात?

फार कष्टाने. समजा, एखाद्या पुणेकर लेखकाने ठरवले की आपल्या नायकाला त्याची शक्ती १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटून शहरात पाणी शिरले त्या दिवशी मिळाली. कल्पना जोरदार आहे, कारण या शहरातल्या जुन्या घरांमध्ये त्या दिवसाची आठवण आजही निघते. पण पूर सरकवता येत नाही. नायक त्या दिवशी दहा वर्षांचा असेल तर आज तो सत्तरी ओलांडून गेलेला आहे.

अमेरिकन लेखकांसमोर हाच पेच अनेकदा आला आणि त्यांनी निरनिराळे मार्ग काढले. आयर्न मॅनचा जन्म १९६३ साली व्हिएतनामच्या पार्श्वभूमीवर झाला. युद्ध जुने झाले तसे नंतरच्या लेखकांनी ठिकाण बदलत नेले आणि अखेर मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने २०१९ साली सियानकाँग नावाच्या काल्पनिक देशातले युद्ध रचून त्या काळातल्या अनेक पात्रांचा भूतकाळ तिथे हलवला. कॅप्टन अमेरिका दुसऱ्या महायुद्धातला, पण १९६४ साली तो बर्फात गोठलेला सापडला असे दाखवल्यामुळे त्याची अडचण कायमची सुटली. तो कधी सापडला एवढेच काय ते सरकवावे लागते. एक्स-मेन या संघाचा शत्रू मॅग्नेटो याची गोष्ट सर्वांत अवघड आहे. नाझींच्या छळछावणीतून वाचलेला मुलगा ही त्याची ओळख दुसऱ्या कोणत्याही काल्पनिक युद्धाला जोडणे अनुचित ठरेल, म्हणून जुन्या अंकांत तो एकदा अर्भक होऊन पुन्हा तरुण झाला होता या काहीशा हास्यास्पद घटनेचा आधार घ्यावा लागतो. हास्यास्पद असली तरी ही तडजोड योग्य आहे असे मला वाटते, कारण ती खुलाशाचा अवघडलेपणा पत्करते, पण पात्राचा गाभा सोडत नाही.

मेलेली पात्रे पुन्हा जिवंत का होतात?

कारण ती विकली जातात, हे सरळ उत्तर आहे. सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक नोव्हेंबर १९९२ मध्ये आला, तो घेण्यासाठी दुकानांसमोर रांगा लागल्या आणि वर्षभराच्या आत सुपरमॅन परत आला. एक्स-मेनमधली जीन ग्रे १९८० साली मेली आणि १९८६ साली परतली. कॅप्टन अमेरिका २००७ साली गेला, तोही फार काळ गेलेला राहिला नाही. असे वारंवार झाले की वाचक मृत्यूच्या अंकाकडे ‘किती महिन्यांसाठी?’ एवढाच प्रश्न घेऊन पाहतो.

पीटर पार्करची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १९७३ साली जेरी कॉनवे यांनी लिहिलेल्या आणि गिल केन यांनी रेखाटलेल्या अंकात ग्रीन गॉब्लिन हा खलनायक तिला पुलावरून खाली फेकतो, स्पायडर-मॅन जाळ्याने तिचा पाय पकडतो, आणि तरीही ती वाचत नाही. कदाचित त्या झटक्यामुळेच. त्याच्या पुढच्या अंकाचा शेवट मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुःखाने पिसाळलेला पीटर आपली मैत्रीण मेरी जेन हिला निघून जायला सांगतो, तिला बोचेल असे बोलतो. ती दारापर्यंत जाते, थबकते आणि दार आतून लावून घेऊन थांबते. तोवर केवळ मौजमजा करणारी म्हणून रंगवलेली ही मुलगी त्या एका कृतीने मोठी झाली. पुढे ग्वेनचे क्लोन आले, दुसऱ्या विश्वातली ग्वेन आली. पण मूळ ग्वेनला परत आणण्याचा मोह संपादकांनी अनेक दशके आवरला, आणि म्हणूनच त्या दाराला अर्थ राहिला.

पुनरागमन नेहमीच वाईट असते असे मात्र नाही. महायुद्धात मेलेला समजला जाणारा, कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी २००५ साली एड ब्रुबेकर यांनी परत आणला, तेव्हा अनेक जुने वाचक आधी नाराज झाले होते. परंतु तो परतला तो शत्रूने घडवलेला मारेकरी म्हणून, अनेक खुनांचा भार घेऊन. त्याच्या मृत्यूने कॅप्टन अमेरिकाला दिलेली जखम भरून निघाली नाही, ती अधिकच खोल झाली. परत आणायचेच असेल तर अशी किंमत मोजून आणावे.

सगळे पुसून नव्याने सुरुवात केली तर?

हा उपाय सुपरमॅन-बॅटमॅनची प्रकाशनसंस्था डीसी हिने मोठ्या प्रमाणावर केला आहे. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या १९८५-८६ मधल्या बारा अंकी महामालिकेत अनेक समांतर पृथ्व्यांचा एकच इतिहास करण्यात आला. सप्टेंबर २०११ मध्ये डीसीने एकदम ५२ मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या आणि २०१६ साली जुना इतिहास टप्प्याटप्प्याने परत आणायला घेतला. पाच वर्षांत पुसलेले पुन्हा लिहावे लागले, यातच त्या प्रयोगाचा निकाल आहे.

नवी सुरुवात नव्या वाचकाला दार उघडून देते हे खरे. पण जुन्या वाचकाने वीस वर्षे जपलेली आठवण ही त्या मालिकेची सर्वांत मोठी पुंजी असते, आणि नवी सुरुवात नेमकी तीच खर्च करते. पीटर आणि मेरी जेनचे वीस वर्षांचे लग्न २००७ साली एका सैतानी करारात नाहीसे करण्यात आले, त्याचा राग वाचकांच्या बोलण्यात आजही जाणवतो. नायक विवाहित असला की म्हातारा वाटतो, असे त्यामागचे संपादकीय मत होते. गंमत अशी की २०२४ साली मार्व्हलनेच वेगळ्या विश्वात जोनाथन हिकमन यांच्याकडून विवाहित, दोन मुलांचा बाप असलेला पीटर लिहून घेतला, आणि तो वाचकांना अतिशय ताजा वाटला.

मूळ मालिकेला हात न लावता शेजारी स्वतंत्र विश्व उभे करणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. मार्व्हलच्या अल्टिमेट मालिकांनी २००० साली तेच केले.

मग नेमके बदलायचे तरी काय?

घडलेल्या घटना तशाच ठेवून त्यांचा अर्थ बदलावा. हे कसे करतात ते पाहायचे असेल तर ॲलन मूर यांनी लिहिलेला ‘स्वॅम्प थिंग’चा १९८४ सालचा एकविसावा अंक वाचावा. तोपर्यंतची समजूत अशी होती की ॲलेक हॉलंड हा शास्त्रज्ञ स्फोटात जळत दलदलीत पडला, त्याचा वनस्पतीसारखा राक्षस झाला, आणि आता तो पुन्हा माणूस होण्याचा मार्ग शोधतो आहे. ही कथा पुढे नेण्यात अडचण उघड होती: मार्ग सापडला तर मालिका संपणार, आणि सापडणार नाही हे वाचकाला आधीच माहीत. मूर यांच्या अंकात त्या प्राण्याचे शवविच्छेदन होते आणि आतले अवयव निव्वळ नकली आहेत, त्यांच्याकडून कसलेच काम होत नाही, हे उघड होते. हॉलंड त्याच रात्री मेला होता. दलदलीतल्या वनस्पतींनी त्याची जाणीव शोषून घेतली आणि त्या स्वतःलाच हॉलंड समजू लागल्या. आधीच्या एकाही अंकातली घटना खोटी ठरली नाही, तरीही प्रत्येक अंक नव्याने वाचावा लागला, आणि परत माणूस होण्याची आशा संपल्यामुळे मालिकेला प्रथमच खुले भविष्य मिळाले.

पुणेकरांना ही रीत परकी वाटू नये. नारदीय कीर्तनात आख्यान श्रोत्यांना तोंडपाठ असते. सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार याची उत्सुकता कोणालाच नसते. बुवा पूर्वरंगात जो अभंग निरूपणाला घेतात, त्याच्या प्रकाशात उत्तररंगातले तेच आख्यान वेगळे ऐकू येते. चांगला कॉमिक्स लेखक असा पूर्वरंग बदलतो. कीर्तनकाराची एक सोय मात्र त्याला नसते: आख्यान संपते, मासिक अंक संपत नाही.

ॲल ईविंग यांनी २०१८ ते २०२१ या काळात पन्नास अंकांत हल्कचे असेच केले. हल्क मरत नाही, ही अनेक वर्षांची सवयीची गोष्ट त्यांनी भयकथेचा विषय केली. फ्रँक मिलर यांच्या हाती डेअरडेव्हिल आला तेव्हा ती मालिका बंद पडण्याच्या बेतात होती. १९७९ पासून चित्रकार आणि नंतर लेखक म्हणून त्यांनी तिला गुन्हेगारी कथेचा काळोख दिला.

या उदाहरणांमध्ये आणखी एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी एकाच लेखकाला पुरेसा काळ आणि पुरेसे स्वातंत्र्य मिळाले. तसे ते बहुतेक वेळा मिळाले ते मालिका इतकी खालावली होती की गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते म्हणून. १९७० पासून एक्स-मेनचे फक्त जुने अंक पुन्हा छापले जात होते. १९७५ साली केनिया, जर्मनी, रशिया आणि कॅनडा अशा देशांतल्या पात्रांचा नवा संघ आला आणि क्रिस क्लेअरमाँट यांनी १९९१ पर्यंत तो सांभाळला. ज्या मालिका उत्तम खपतात त्यांच्या लेखकांना असे रान क्वचितच मिळते.

मुखवटा दुसऱ्या पात्राला देणे हा प्रामाणिक उपाय आहे, की विक्रीची युक्ती?

दोन्ही असू शकते. नवे पात्र स्वतःच्या घरादारासह येते का, यावर ते ठरते. १९५६ साली संपादक ज्युलियस श्वार्त्झ यांनी फ्लॅशचे नाव तेवढे ठेवून बॅरी ॲलन हा सर्वस्वी नवा नायक आणला. बॅरी १९८५ साली मेला आणि त्याचा शिष्य वॉली वेस्ट याने वीसहून अधिक वर्षे मुखवटा सांभाळला, इतका की एका पिढीसाठी तोच खरा फ्लॅश झाला. २००८ साली बॅरीला परत आणले, तेव्हा वॉलीचे काय करायचे हे कोणालाच नीट ठरवता आले नाही. दिलेला मुखवटा परत मागू नये, एवढे पथ्य पाळले असते तर हा गोंधळ टळला असता.

२०११ साली आलेला नवा स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस टिकला, कारण त्याचे आईवडील, त्याची शाळा आणि त्याची भीती पीटरची नव्हती. ‘मिस मार्व्हल’ हे नाव घेणारी जर्सी सिटीतली कमला खान २०१४ साली स्वतःच्या मालिकेत आली, तेव्हा घरी परतण्याच्या वेळेवरून होणारी बोलणी हा कथेचा खरा भाग होता. त्या पानांवरचे संवाद कोथरूडच्या एखाद्या घरातही जसेच्या तसे ऐकू येतील.

भारतीय स्पायडर-मॅन आला होता ना? तो का टिकला नाही?

२००४ साली पवित्र प्रभाकर आला, चार अंकांत त्याची पहिली मालिका संपली. मुंबईत राहणारा, धोतर नेसलेला, योग्याकडून शक्ती मिळालेला हा मुलगा दिसायला छान होता. परंतु मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बोर्नचा नलिन ओबेरॉय, बेन काकांचे भीम काका अशी एकेका पात्राची अदलाबदल करून कथा पुढे नेल्यामुळे पुढचा प्रसंग वाचकाला आधीच ठाऊक असे. २०२३ च्या ॲनिमेशनपटात तोच पवित्र वेगळ्या स्वभावाने आणि वेगळ्या शहरात उभा केला, तेव्हा तो लगेच लक्षात राहिला.

पोशाखापेक्षा शहराने नायकाच्या कामाची पद्धत बदलली पाहिजे. सदाशिव पेठेत वाड्यांच्या उंचीवर जाळ्याला लटकून झोके घेता येणार नाहीत. तिथल्या नायकाला बोळ आणि कौले ओळखीची असावी लागतील, आणि शेजाऱ्यांपासून ओळख लपवणे हेच त्याचे सर्वांत अवघड साहस ठरेल.

कथेचा निर्णय वाचकांवर सोपवावा का?

नाही. १९८८ साली बॅटमॅनचा साथीदार असलेल्या दुसऱ्या रॉबिनने, म्हणजे जेसन टॉडने, मरावे की जगावे यासाठी डीसीने दूरध्वनीवरून मते मागवली. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि विरुद्ध ५,२७१ मते पडली. केवळ ७२ मतांच्या फरकाने एक मुलगा मारला गेला, आणि २००५ साली त्यालाही परत आणण्यात आले.

सगळ्या मालिका एकत्र आणणाऱ्या महाघटनांचा उपयोग होतो का?

विक्रीला होतो. मार्व्हलची १९८४ सालची अशी पहिली मोठी मालिका मॅटेल कंपनीच्या खेळण्यांच्या जोडीने आखली गेली होती, आणि तेव्हापासून या प्रकाराचा हेतू फारसा बदललेला नाही. चालू कथा मध्येच थांबवून लेखकाला महाघटनेत सामील व्हावे लागते, तेव्हा चांगल्या मालिकेचेही नुकसान होते.

मराठीत किंवा भारतात असे दीर्घायुषी नायक आहेत का?

सुपरहिरो म्हणायचे तर हिंदीतला नागराज १९८६ पासून आहे. त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रे पुण्याचे प्रताप मुळीक यांनी काढली होती, हे येथल्या अनेक वाचकांना माहीत नसते. पुढे अनुपम सिन्हा यांच्याकडे तो गेल्यावर त्याचे रूप आणि कथांचा आवाका दोन्ही बदलले.

मराठीत शक्तिमान नायकांची परंपरा बारीक आहे, पण वय न वाढणाऱ्या नायकांची नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे पुस्तकामागून पुस्तके शाळकरीच राहिला, आणि चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ साली ‘सकाळ’मध्ये आला तेव्हा जेवढा होता तेवढाच पुढेही राहिला. चिंटूचे वय न वाढणे खटकत नाही, कारण त्याच्या पट्टीत परिणामांचे ओझेच नसते. प्रत्येक दिवस नवा असतो. सुपरहिरोला ही मोकळीक नाही. त्याच्या कथेत माणसे मरतात, शहरे पडतात, आणि वाचक ते लक्षात ठेवतो.

वाचायला सुरुवात कुठून करावी? पहिल्या अंकापासून सगळे वाचावे लागते का?

मुळीच नाही. नायकाचे नाव पाहून नव्हे, लेखकाचे नाव पाहून संग्रह निवडावा आणि त्या लेखकाची कारकीर्द सलग वाचावी. वर उल्लेखलेले स्वॅम्प थिंग, डेअरडेव्हिल आणि हल्क हे संग्रहरूपात मिळतात. मध्येच एखादा संदर्भ कळला नाही तर अडून बसू नये. इंद्रजालचे सुटे अंक रद्दीच्या दुकानातून आणून वाचणाऱ्या पिढीला आधीचा अंक कधीच मिळत नसे, तरी वेताळ समजत होता.

हे नायक कधी सर्वांसाठी खुले होतील का?

अमेरिकेत १ जानेवारी २०३४ रोजी सुपरमॅनच्या पहिल्या कथेवरील प्रताधिकार संपेल आणि त्यानंतरच्या वर्षी बॅटमॅनच्या पहिल्या कथेवरील. व्यापारचिन्हांचे हक्क मात्र कंपनीकडेच राहतील, त्यामुळे नाव आणि छातीवरचे चिन्ह वेष्टनावर वाटेल तसे वापरता येणार नाही. शिवाय खुली होईल ती फक्त १९३८ सालची कथा. नंतरच्या वर्षांत भर पडलेल्या गोष्टी त्यांच्या त्यांच्या वेळेनुसार मोकळ्या होतील. त्या पहिल्या कथेत सुपरमॅनला दुबळे करणारे क्रिप्टोनाइट नाही आणि सुपरमॅनला उडताही येत नाही. तो एक अष्टमांश मैलाची उडी मारतो. ज्यांना त्या दिवशी नवा सुपरमॅन लिहायला घ्यायचा आहे, त्यांना त्या उडीपासूनच सुरुवात करावी लागेल.